फुंकर वगैरे ठीक, पण तुकोबा भांडतात त्याचं काय?

अभंग म्हणजे दुःखावरची फुंकर, सगळं विठ्ठलावर सोपवून मोकळं व्हायचं, असं नेहमी म्हटलं जातं. मला अर्धंच पटतं. १६३०च्या दुष्काळात घरातलं माणूस गमावलेल्या तुकोबांनी 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं लिहिलंय. यात फुंकर कुठाय? नुसती नोंद आहे, सावकाराच्या वहीत असावी तशी कोरडी (आणि घराणं वाण्याचंच होतं म्हणा). दुसरीकडे तर ते 'माझे लेखीं देव मेला' म्हणून मोकळे होतात. गंमत म्हणजे ज्याला मेला म्हणायचं त्याच्याशी बोलणं काही थांबत नाही.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आई आयसीयूबाहेरच्या बाकावर तीन रात्री बसून होती. मांडीवर स्टीलचा डबा, त्यातली पोळी तशीच. मला वाटलं हरिपाठ पुटपुटतेय. जवळ जाऊन ऐकलं तर 'देव मेला'ची ओळ! नर्सबाई दचकून बघायला लागल्या. मी म्हटलं, अगं हे काय भलतंच? तर म्हणाली, "गोड बोलून झालं दोन दिवस, आज भांडतेय." आणि मग डबा उघडून अर्धी पोळी खाल्लीन. दोन दिवसांतलं पहिलं अन्न होतं ते.

भजनी मंडळात हे अभंग फारसे का घेत नाहीत कोण जाणे. आमच्याकडे तरी 'सुंदर ते ध्यान'च्या पुढे गाडी जात नाही.