मॅटलॅबमध्ये आलेख ताजा होताना खिडकी पुढे येऊ नये यासाठी काय करावे?

प्रश्न:
धातूच्या पत्र्यातील उष्णतावहनाचे गणन मी मॅटलॅब या गणिती आज्ञावलीत करीत आहे. लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) 20,000 पायऱ्यांचे असून दर 100 पायऱ्यांनी दोन आलेख ताजे होतात. एका फिगरमध्ये, म्हणजे आलेखाच्या खिडकीत, पत्र्याचे तापमान, तर दुसऱ्यात गणनातील त्रुटी. प्रत्येक वेळी 'फिगर(1)' आणि 'फिगर(2)' असे लिहून मी फिगर निवडतो. गणन चालू असताना प्रबंधाचे प्रकरण लिहावे म्हटले, तर आलेखाची खिडकी सारखी वर्डवर येऊन बसते आणि अर्ध्या शब्दावर टंकन तुटते. काल 'समीकरण' हा एकच शब्द मला चार वेळा लिहावा लागला. आलेख मागे राहूनच ताजे होऊ शकतील का?

उत्तर 1:
हा दोष नव्हे. 'फिगर' या आज्ञेचे कामच दुहेरी आहे. ती त्या फिगरला चालू फिगर ठरवते आणि शिवाय तिची खिडकी सर्वांत वर आणते. आपल्याला यांतले पहिलेच काम हवे आहे, आणि ते "सेट(ग्रूट, 'करंटफिगर', एच1)" एवढ्या ओळीने होते; यात 'एच1' म्हणजे पहिल्या फिगरचे हँडल, म्हणजे तिची ओळखखूण. आर2014बी या आवृत्तीपूर्वी 'ग्रूट' नव्हते, त्यामुळे मॅटलॅब त्याहून जुने असल्यास तिथे 0 लिहावे. खिडकी मध्येच बंद केली, तर हँडल निकामी होऊन लूप चुकीचा संदेश दाखवून थांबेल, म्हणून हँडल अजून चालते का हे आधी 'इझग्राफिक्स'ने तपासून घेतलेले बरे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, खिडकी आता पुढे येत नाही. मात्र तापमान नीट पाहावे म्हणून मी त्या खिडकीवर क्लिक केले, तेव्हा त्रुटीची रेघ तापमानाच्या आलेखावर उमटली. फिगर निवडणारी ओळ आणि 'प्लॉट' यांच्या मध्ये माझी 'ड्रॉनाऊ' ही पडदा ताजा करणारी आज्ञा आहे. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर 2:
संबंध आहे. क्लिक केलेली फिगर हीच चालू फिगर होते आणि 'ड्रॉनाऊ' तुंबलेले क्लिक त्याच क्षणी निकाली काढते. पुढचे 'प्लॉट' मग बिचारे चुकीच्या घरी जाते. माझ्या मते 'चालू फिगर' या कल्पनेवर लूपमध्ये विसंबूच नये. लूपच्या आधी प्रत्येक आलेख एकदा काढून रेघेचे हँडल जपून ठेवावे आणि आत फक्त "सेट(रेघ, 'वायडेटा', वाय)" लिहावे, म्हणजे रेघेची उभी मूल्ये तेवढी बदलतात. तापमानाच्या चित्रासाठी 'सीडेटा', म्हणजे रंगांची मूल्ये, बदलावा. मग निवडीचा प्रश्नच उरत नाही, आणि दर वेळी नवा आलेख रचण्याचा वेळही वाचतो. 'प्लॉट'च वापरायचे असेल, तर अक्षांचे हँडल ('एएक्स') त्याला कंसातले पहिले आर्ग्युमेंट म्हणून द्यावे. त्याऐवजी 'ॲक्सेस(एएक्स)' लिहू नये, कारण तीही आज्ञा खिडकी पुढे आणते, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

'फिगर(1)' मात्र पुसून टाकू नका. लूप संपल्यानंतर ती एकदाच लिहा, म्हणजे गणन झाल्याची वर्दी तीच खिडकी देईल.