‘काळा’ म्हणजे वाईट, हे कोणी ठरवले?

गोदाकाठ
माझ्या सहावीतल्या मुलीला गेल्या आठवड्यात ‘काळा’ या शब्दाचे पाच शब्दप्रयोग लिहून न्यायचे होते. तिने काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी, काळे कृत्य आणि तोंड काळे करणे असे पाच लिहिले, वहीकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "बाबा, यात चांगला एकही नाही का?" रंगाने ती माझ्यावर गेली आहे, त्यामुळे तो प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. पाठ्यपुस्तकांनी आणि वृत्तपत्रांनी तरी हे प्रयोग टाळावेत, असे माझे मत आहे. ‘काळा पैसा’ऐवजी ‘बेहिशेबी पैसा’ लिहिले तर अर्थ उलट अधिक नेमका होतो.

दिंडोरीचा बागाईतदार
मुलीचा प्रश्न रास्त आहे, तुमचा उपाय मात्र मान्य नाही. खेड्यात नुसते ‘काळी’ म्हटले की शेतजमीन समजली जाते आणि गाव जिच्यावर वसते ती ‘पांढरी’. वैशाखात या काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच फुगून त्या मिटवते आणि पुढे कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. म्हणून तर ती काळी आई. द्राक्षाचेही तसेच. शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले की मी रोज सकाळी घड उलटून पाहतो, कारण आतल्या बाजूचे चार मणी तांबूस राहिले तरी व्यापारी भाव पाडून मागतो. उलट भुरी आली की मण्यावर पांढरट पूड बसते आणि आमची झोप उडते, तरी पांढऱ्या रंगावर अजून कोणी डूख धरलेला नाही.

शब्दवेल्हाळ
आपण दोघे एकाच ‘काळ्या’बद्दल बोलत आहात, असे मला वाटत नाही. काळा बाजार आणि काळी यादी हे प्रयोग इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेले आहेत. मराठीचा स्वतःचा काळा कितीतरी बारकाव्याचा आहे आणि तो ओळखायचा तर त्याच्या शेपटीकडे पाहावे लागते: डोळे काळेभोर, रात्र काळीकुट्ट, कातळ काळाकभिन्न, आणि भीतीने पडतो तो चेहरा काळाठिक्कर. ‘काळेकुट्ट डोळे’ असे म्हणून पाहा, कौतुक तिथल्या तिथे नाहीसे होते. काळ्या दगडावरची रेघ म्हणताना तर आपण त्या दगडाच्या भरवशावरच शब्द देतो. ‘तोंड काळे करणे’ मात्र अस्सल आपले आहे, तेव्हा सगळे पाप इंग्रजांच्या माथी मारता येणार नाही.

पंचवटीकर
ज्या नाशकात काळाराम आहे आणि गोरारामही आहे, तिथे शब्द बदलून काय साधणार? देव काळा असूनही त्याच्या दारापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे चालवला, तरी दार उघडले नाही. विशेषणाला प्रतिष्ठा मिळाली म्हणून माणसाला मिळते असे नाही.

गोदाकाठ
हेच उदाहरण मी उलट बाजूने मांडतो. ज्यांना त्या दारातून परत पाठवले जात होते त्यांना तेव्हा छापील मजकुरात सर्रास ‘अस्पृश्य’ म्हटले जाई. आज कोणी तसे लिहिले तर आपणच त्याला थांबवू. लढा आधी आणि शब्द नंतर, हे मान्य, पण शब्दही बदलावा लागतोच. काळ्या रंगाची एवढी प्रतिष्ठा असती तर स्थळ सांगताना काळ्या मुलीला ‘निमगोरी’ का म्हटले असते? तिचा काळेपणासुद्धा गोरेपणाच्या मापाने मोजायचा, ही आपली तऱ्हा.

सिडकोतल्या काकू
माझे म्हणणे स्वयंपाकघरापुरते आहे. काळा मसाला करताना खोबरे आणि कांदा इतके भाजावे लागतात की बघणाऱ्याला वाटावे, गेले हातचे. माझ्या सुनेने पहिल्या वर्षी घाईने कढई उतरवली होती आणि रस्सा तांबडाच राहिला. काळा होणे आणि करपणे यांत दोन मिनिटांचे अंतर असते, ते नाकाने ओळखायचे. संक्रांतीला हीच सून माझी काळी चंद्रकळा हक्काने मागून नेते आणि एरवी मात्र शुभकार्याला काळे नको म्हणते! नातवाला तीट लावते तीही काळीच. तेव्हा भाऊ, मुलीच्या वहीत पाच ओळी आणखी लिहा, आधीच्या खोडू नका.

गोदाकाठ
काकू, चंद्रकळा आणि काळी आई आजच लिहायला सांगतो. ‘काळी यादी’ मात्र खोडणारच. तिथे ‘अपात्र यादी’ चालेल का?

शब्दवेल्हाळ
चालणार नाही. अपात्र ठरलेल्याने काही गैर केलेले असतेच असे नाही. काळ्या यादीत गैरवर्तनाचा ठपका गृहीत असतो.

दिंडोरीचा बागाईतदार
आमच्या गावात द्राक्षाचे पैसे न देता पळालेल्या व्यापाऱ्यांची नावे चावडीच्या फळ्यावर लिहितात आणि वर शीर्षक असते ‘बुडवे’. यंदाचे पहिले नाव मीच खडूने लिहिले आहे.