पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन: काटा चढतो, दिवे मंदावतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा उभी करतोय. 1089 सीसीचं मूळ इंजिन, बॅटरी चार्ज करायला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर. वॉटर पंपावरचा पट्ट्याचा पंखा काढून 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक फॅन लावला आहे, रिले (फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि 30 अँपिअरच्या फ्यूजसकट. थर्मोस्विच (कूलंटच्या तापमानावर फॅन चालू-बंद करणारा स्विच) 92 अंशांना चालू, 87 ला बंद.

हायवेला गाडी मस्त चालते. सिग्नलला थांबलं, की फॅन सुरू होतो आणि त्याच क्षणी तापमानाचा काटा टुणकन वर उडतो, हेडलाइट पिवळे पडतात. पाणी एका क्षणात एवढं तापणार नाही, म्हणून मला अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीचा, संशय आहे. फॅन चालू असताना इंजिन ब्लॉक आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर 0.7 व्होल्ट दाखवतो. फॅनची अर्थ बॉडीला आहे. इंजिन आणि बॉडी जोडणारी जुनी अर्थ पट्टी हिरवी पडून तिच्या तारा तुटल्यात. ती बदलतोच आहे. पण फॅनची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी का?

दुसरी अडचण खरी तापण्याची. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ अडकलं, की ओव्हरफ्लोतून कूलंट बाहेर येतं. फॅनची दिशा बरोबर आहे, जाळीवर कागद धरला तर चिकटून बसतो. पण फॅनभोवती श्राउड (हवा पूर्ण रेडिएटरमधून ओढायला लावणारं आवरण) नाही, त्यामुळे रेडिएटरच्या कडांमधून हवा ओढलीच जात नसावी. श्राउड पत्र्याचं कुणी बनवून घेतलंय का? रेडिएटरच्या कोअरपासून (जाळीदार मधल्या भागापासून) किती अंतर ठेवलंत? आणि थर्मोस्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवावा की इंजिनच्या हेडमधून गरम पाणी बाहेर पडतं त्या आउटलेटजवळ?

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. ही गाडी मला रोज चालवायची आहे.