घर माझं, मग नियम कशाला? (म्हणे!)

आग्यावेताळ: 'माझं घर चार रात्री पाहुण्यांना दिलं तर नगरपालिकेच्या पोटात का दुखतं?' हे निवांत यांचं कालचं पोस्ट वाचून डोकं फिरलं. पर्यटनाच्या गावात नर्सला, शिक्षकाला, हॉटेलातल्या वेटरला वर्षाच्या करारावर घर मिळेनासं होतं, कारण मालकाला रात्रीच्या हिशेबात जास्त सुटतं. ॲमस्टरडॅमने वर्षाला 30 रात्रींची मर्यादा घातली, पॅरिसने 2025 पासून 120 ची 90 केली. ते काय खुळे आहेत?

निवांत: अर्धंच सांगू नका. ती मर्यादा स्वतःच्या राहत्या घराला आहे. न्यूयॉर्कमध्ये 2023 पासून 30 दिवसांहून कमी मुक्काम असेल तर मालक घरात हवा आणि पाहुणे दोनच. घरभाडी उतरली का? हॉटेलवाल्यांचं मात्र फावलं. आईच्या आजारपणात आमच्या वरच्या मजल्याच्या भाड्यावरच औषधं निघाली, तेव्हा एकही समाजसुधारक फिरकला नाही.

आग्यावेताळ: तुमचा मजला आणि पंधरा फ्लॅट अडवून बसलेला धंदेवाला एकच का?

पाटावरवंटा: ते राहू द्या. पाहुण्यांसाठी जिन्याच्या कठड्याला अडकवलेल्या, आकड्यांच्या कुलपाच्या किल्लीच्या डब्यांवर आधी बंदी आणा! रात्री दोनला पाहुणे मोबाईलच्या उजेडात आकडे फिरवत बसतात. नाही उघडली की माझी बेल.

निवांत: बेल बंद करून झोपा.

पाटावरवंटा: वा! उद्या कान काढून ठेवा म्हणाल.

फिरस्ता: पाहुण्यांना कशाला बोल लावता? मालक जुनाच आकडा पाठवतात आणि फोन उचलत नाहीत. मी सामानासकट तासभर जिन्यात बसलोय.

पाटावरवंटा: म्हणजे ते तुम्हीच!

फिरस्ता: तोंड सांभाळून बोला. मी कुणाची बेल वाजवली नाही.

पाटावरवंटा: मग सुटकेसची चाकं पायरीपायरीवर आपटली असतील. तेही तेवढंच!

आग्यावेताळ: अहो, डबी सोडा! बार्सिलोना नोव्हेंबर 2028 पर्यंत दहा हजारांवर पर्यटक फ्लॅटांचे परवाने संपवणार आहे, त्यावर बोला.

निवांत: बोलतो. सरसकट बंदी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियातल्या बायरन बे गावाचं बरं. मालक राहत नाही त्या घरांना वर्षाला 60 दिवस, तेही किनाऱ्यालगतचे काही भाग वगळून. एवढं चालेल. नोंदणीही करतो, घ्या!

आग्यावेताळ: उपकार झाले. म्हणजे मालक राहत नसेल तर नियम हवा, हे कबूल. कालच्या पोस्टखाली तेवढं लिहून टाका.

निवांत: लिहितो. पण पंधरा फ्लॅटवाला नोंदणी नातेवाइकांच्या नावावर करेल, ते कोण तपासणार?