ऑस्कर माशांच्या जोडीतील भांडण : वेगळे करावे का?

प्रश्न : माझ्या चार फुटी टाकीत (सुमारे २५० लिटर) दीड वर्षापासून दोन ऑस्कर आहेत. गेल्या आठवड्यापासून मोठा मासा धाकट्याला कोपऱ्यात दाबून धरतो; त्याची शेपटी फाटली असून तो हीटरच्या मागे तिरका होऊन उभा राहतो. आधी दोघे मिळून एक सपाट दगड तोंडाने घासत होते. काय करावे?

उत्तर १ : दगड घासणे ही अंडी घालण्याची तयारी असते. जोडी जमली नाही, किंवा एक मासा तयार नसला, तर असा छळ होतो. आजच मध्ये जाळीचा पडदा बसवा, कारण धाकट्याला पळायला जागाच नाही. ऑस्कर तीस सेंटीमीटरपर्यंत सहज वाढतो, त्यामुळे दोघांसाठी ही टाकी मुळातच अपुरी आहे; सहा फुटी टाकी घेता येत नसेल, तर एकाला दुसरे चांगले घर शोधून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : सहमत. फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात औषधाविना भरून येते. मात्र पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या विष्ठेतून साचणारी विषारी द्रव्ये) शून्य हवेत. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी, क्लोरीन काढून, बदला. जखमेवर कापसासारखा पांढरा थर दिसला, तरच उपचाराकडे वळा.

प्रश्नकर्ता : पडदा बसवला. धाकट्याने आज संध्याकाळी खाद्याच्या दोन गोळ्या खाल्ल्या. मोठा मात्र अजूनही काचेवर धडका देतो आहे.

उत्तर १ : दगड काढून घ्या.