मदत हवी आहे: सहावी ते आठवीची मधली सुट्टी १५ मिनिटं आणि तीही वर्गातच. पर्यायी वेळापत्रक कसं मांडावं?

दादरची_आई

अनुदानित मराठी शाळा, सकाळ अधिवेशन. वेळ ७:०० ते १२:४०, शनिवारी ७:०० ते ११:००. १२:५० ला दुपारचं अधिवेशन भरतं, त्यामुळे शाळा लांबवायला जागा नाही.

सहावी, सातवी, आठवी, प्रत्येकी ४ तुकड्या, तुकडीत सुमारे ५० मुलं. म्हणजे ६००. वर्ग दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्यावर. जिने दोन, पण मागच्याला कायम कुलूप. मैदान २५ बाय १८ मीटर, पेव्हर ब्लॉकचं. मुलींची चालू शौचालयं ५, हात धुवायचे नळ १०. शिक्षक १८, शिवाय पी.टी.चे सर वेगळे.

या वर्षी मधली सुट्टी ३० वरून १५ मिनिटांवर आणली. डबा बाकावरच खायचा, खाली उतरायचं नाही. उरलेल्या वेळात आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव, बाकीच्यांना गणित. शाळेची कारणं तीन: तास भरत नाहीत, जिन्यात ढकलाढकली होते, लक्ष ठेवायला माणूस नाही. वर "पी.टी.चे तास आहेतच की".

पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मुलांना खेळ का हवा यावर भाषण करता येईल, पण तेवढ्याने काही हलणार नाही. हातात कागद हवा. काय लिहू?

तासिका_वही

पहिलं कारण आकड्यांनी संपतं, तिथूनच सुरुवात करा.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन तास लागतात. (पहिली ते पाचवीला २०० दिवस, ८०० तास. बैठकीत हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.) सहा दिवसांच्या आठवड्यात २२० दिवस म्हणजे साधारण ३६.६७ आठवडे. म्हणजे आठवड्याला सुमारे १६३६ मिनिटं शिकवणं झालं पाहिजे.

तुमच्याकडे रोज ३४० मिनिटं आहेत. पहिला तास हजेरीसकट ४० चा, पुढचे सात ३५ चे: २८५. पाच दिवसांचे १४२५. शनिवारी २४० मिनिटांतून परिपाठ १५ आणि छोटी सुट्टी १० काढली की २१५ उरतात. बेरीज १६४०. वर्षाचे १००२ तास. काठावर का होईना, बसतात. आणि रोजच्या ३४० मधून २८५ वजा केले की ५५ मिनिटं शिल्लक: परिपाठ १५, छोटी सुट्टी १०, मधली सुट्टी ३०.

म्हणजे ३० मिनिटांची सुट्टी देऊनही कायद्याचे तास पुरे होतात. जादा सराव हवा असेल तर तो शाळेचा निर्णय आहे, कायद्याची अडचण नव्हे. बैठकीत हा फरक शांतपणे पण स्पष्ट सांगा.

शिट्टीमास्तर

हिशोब बरोबर, पण ३० मिनिटांची सुट्टी तुमच्या इमारतीत चालणार नाही. ६०० मुलं ४५० चौरस मीटरवर सोडली तर डोई पाऊण चौरस मीटर जागा. तिथे खेळ होत नाही, नुसती गर्दी होते, आणि मग चार दांडगी मुलं क्रिकेट मांडतात नि बाकीचे भिंतीला टेकून उभे राहतात. मुली तर मैदानात येणंच सोडतात.

दोन गट करावेच लागतील. सहावी आणि सातवी अ, ब हा एक. सातवी क, ड आणि आठवी हा दुसरा. मात्र सुट्टी ३० ची आणि तास ३५ चा असेल तर दोन्ही गटांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा तास मध्येच तुटतो. म्हणून परिपाठातली ५ मिनिटं घ्या आणि सुट्टी पूर्ण एका तासाएवढी, ३५ ची करा:

७:०० परिपाठ
७:१० पहिला तास
७:५० दुसरा
८:२५ तिसरा
९:०० छोटी सुट्टी
९:१० चौथा
९:४५ पाचवा (पहिल्या गटाची मधली सुट्टी)
१०:२० सहावा (दुसऱ्या गटाची मधली सुट्टी)
१०:५५ सातवा
११:३० आठवा
१२:०५ नववा
१२:४० शाळा सुटते

प्रत्येक मुलाला शिकवायचे तास आठच राहतात, २८५ मिनिटांना धक्का नाही.

एका गटातली ३०० मुलंसुद्धा एकदम खाली नकोत. १५० आधी खेळतील, १५० वर डबा खातील, मग अदलाबदल. १४ मिनिटं, अदलाबदलीला ४, पुन्हा १४, शेवटची ३ वर्गात बसायला. मैदानावर डोई ३ चौरस मीटर मिळतात. एवढ्यात लंगडी, साखळी, विषामृत, रुमाल उचलणे, दोरीच्या उड्या उत्तम होतात. क्रिकेट नि फुटबॉल बंद, प्लॅस्टिकच्या बॉलनेसुद्धा नको, कारण दोन खेळाडू सगळं मैदान खातात. ऑइल पेंटने तीन चौकोन आखा आणि कुठल्या तुकडीला कुठला चौकोन ते रोज बदला.

"पी.टी. आहेच की" याचं उत्तर: पी.टी.त शिक्षक सांगतील ते करायचं असतं. सुट्टीत काय खेळायचं, कोणाला घ्यायचं, भांडण कसं मिटवायचं हे मुलं ठरवतात. दोन्ही लागतं.

बालरोग_ओपीडी

वैद्यकीय बाजू कागदावर चार ओळींत ठेवा, जास्त नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये भूमिका मांडली ती अशी: सुट्टी हा पी.टी.चा पर्याय नाही, आणि शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी ती काढून घेऊ नये. तैवानमधल्या एका शाळेने सुट्टीत वर्ग रिकामे करून मुलांना बाहेर काढलं, तेव्हा वर्षभरात नव्याने लघुदृष्टी होणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळच्या दुसऱ्या शाळेच्या साधारण निम्मं राहिलं. ती मुलं ७ ते ११ वयाची होती, तेव्हा आठवीसाठी हा आकडा ताणू नका. उजेडाचा मुद्दा मात्र टिकतो.

मला जास्त काळजी ५ शौचालयांची वाटते. एका गटात १५० मुली धरल्या आणि एकीला दीड मिनिट लागलं, तर सगळ्यांचा नंबर लागायला ४५ मिनिटं. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवतात. मग जळजळ, जंतुसंसर्ग, डोकेदुखी. त्यात हे मासिक पाळी सुरू होण्याचं वय. तेव्हा तीन गोष्टी लिहाच: तास चालू असताना शौचालयात जायला बंदी नको, परवानगीचं कार्ड शिक्षकांच्या टेबलावर ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर विचारावं लागणार नाही, आणि प्रत्येक शौचालयात झाकणाची बादली. शिवाय इमारतीत एखादं शौचालय पाहुण्यांसाठी म्हणून बंद ठेवलेलं असतं. ते आधी शोधा.

निवृत्त_पर्यवेक्षक

ताई, योजना चांगली आहे, पण तीन ठिकाणी अडकेल.

जिना. अदलाबदलीच्या वेळी १५० वर आणि १५० खाली, एकाच जिन्यावर. अपघात इथेच होतात. मागचा जिना उघडला तर एक चढायचा, एक उतरायचा. शाळेत मुलं असताना बाहेर पडायच्या वाटेला कुलूप असणं आगीच्या दृष्टीनेही धोक्याचं, त्यामुळे ही मागणी सुट्टीपेक्षाही आधी मांडा. तोवर एकच जिना असेल तर खेळणारे आधी पूर्ण वर येतील, मगच दुसरे उतरतील. ४ ऐवजी ६ मिनिटं धरा.

नळ. १५० मुलं, १० नळ, एकेकाला २० सेकंद: ५ मिनिटं गेली आणि डब्याला ९ उरली. ती कमी पडतात. त्याच भिंतीवर पाइप पुढे नेऊन ६ नळ वाढवले की ३ मिनिटांवर येतं. खर्च फार नाही, प्लंबरचं एका दिवसाचं काम. खेळून आलेल्यांनी खालीच हात धुवावेत, म्हणजे मजल्यावरच्या नळांशी गर्दी होत नाही.

शिक्षक. हा मुद्दा पालक विसरतात आणि तिथेच प्रस्ताव पडतो. पाचव्या आणि सहाव्या तासाला ज्या गटाची सुट्टी नाही त्याचे ६ वर्ग चालू असतात, म्हणजे ६ शिक्षक वर्गात. ड्युटीला ३ पुरतात: मैदान, जिन्याचा मधला टप्पा, वरचा व्हरांडा. मैदानावर पी.टी.चे सर असतीलच. ९ अधिक ९ बरोबर १८. म्हणजे प्रत्येकाला या दोन तासांपैकी एक पूर्ण मोकळा मिळतो, चहासकट. हे गणित आधी शिक्षकांना दाखवा, मुख्याध्यापकांना नंतर. कोणी रजेवर गेलं की मात्र गणित मोडतं, म्हणून त्या दिवशी व्हरांड्याची ड्युटी पर्यवेक्षकांकडे, असं आधीच लिहून ठेवा.

एक जास्तीची अट घाला: गृहपाठ केला नाही म्हणून कोणालाही सुट्टीत बसवून ठेवायचं नाही. नाहीतर ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज, तीच मुलं वर्गात दिसतील.

दादरची_आई

सर्वांचे आभार. मागच्या जिन्याचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. दोन शंका. पावसाळ्यात काय करायचं? पेव्हर ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरतं, "घसरतील" म्हणून मैदान बंद होतं ते सप्टेंबरपर्यंत. आणि हा विषय नेमका कुठे मांडायचा?

शिट्टीमास्तर

कोरड्या दिवशी शेवाळावर ब्लीचिंग पावडर पसरून थोडं पाणी शिंपडा, १५–२० मिनिटांनी खराट्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. दर पंधरा दिवसांनी, शनिवारी शाळा सुटल्यावर. शौचालयाचं ॲसिड त्यात अजिबात मिसळू द्यायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो. मावशींना हे तोंडी सांगून भागत नाही, डब्यावर मराठीत चिकटवा. पाऊस थांबल्यावर पाणी कुठे साचतं ते बघा. बहुतेक वेळा गटाराची जाळी पानांनी तुंबलेली असते.

मुसळधार असेल त्या दिवशी वर्गात बाक मागे सरकवून कॅरम, बुद्धिबळ, सागरगोटे. तुकडीला दोन कॅरम बोर्ड पुरत नाहीत, सागरगोट्यांना खर्चच नाही. व्हरांड्यात धावाधाव नाही, जिन्याच्या तोंडाशी पोत्याचे पायपुसणे. रिमझिमीत मैदान बंद करायचं कारण नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक

अनुदानित शाळा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती असणार. कायद्यानेच तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असतात. विषय बैठकीआधी लेखी द्या, पोच घ्या, सोबत वरचं वेळापत्रक एका पानावर. कायमचा बदल मागू नका. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत प्रयोग म्हणून मागा आणि पडझडीची नोंदवही ठेवायला सांगा: तारीख, जागा, काय लागलं. जिन्यात किती नि मैदानात किती, ते दोन महिन्यांत कळेल.

आणि अदलाबदलीला घंटा वाजवू नका. दुसऱ्या गटाचा तास चालू असतो, घंटा ऐकली की तेही दप्तर आवरायला लागतात. मैदानावर शिट्टी आणि वर व्हरांड्यातल्या शिक्षकांनी हाताने खूण केली की पुरे.