‘गृहीत धरणे’ आणि नुसतं ‘धरणे’

आधी शुद्धलेखन उरकू. ‘गृहीत’, ही दीर्घ. ‘गृहिणी’तली ऱ्हस्व हि डोळ्यांत बसलेली असते म्हणून हात चुकतो, पण या शब्दाच्या अर्थाचा घराशी काही संबंध नाही. मूळ धातू ‘ग्रह्’, म्हणजे घेणे, पकडणे. आग्रह, संग्रह, पूर्वग्रह हे सगळे याच कुळातले. आभाराच्या भाषणातलं ‘अनुगृहीत’ आठवलं की वेलांटी चुकत नाही.

गृहीत म्हणजे घेतलेलं. आमच्या खानदेशात बोलताना मात्र शेपटीचं ‘धरणं’च पुरतं. गेल्या हिवाळ्यात जळगावजवळ शेतात भरीत पार्टी होती. वांगी आणायला निघालो तर मावशी म्हणाली, “वीस माणसं धरी चाल.” किती जण येणार ते तिलाही माहीत नव्हतं. माणशी अर्धा किलो धरून १० किलो वांगी आणली. हे धरणं तात्पुरतं, गणितातल्या ‘क्ष मानू’सारखं. चुकू शकतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ‘गृहीत धरलं’मध्ये विचारायची, तपासायची गरजच वाटलेली नसते. म्हणून तो शब्द बहुधा फसल्यावर, भूतकाळात तोंडी येतो: “तू येशील हे मी गृहीत धरलं होतं.”

कर्म बदललं की सूरच बदलतो. ‘ती करेल हे गृहीत धरलं’ हा अंदाज. ‘तिला गृहीत धरलं’ हा अपमान. त्याच पार्टीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली आणि कोणीतरी न बोलता भरीत ठेचायची लाकडी बडगी वहिनीपुढे सरकवली. तिने भरीत ठेचलं, पण ठेचता ठेचता म्हणाली, “माले कोनी इचारं का?” प्रमाण मराठीत हेच ‘मला गृहीत धरू नका’ झालं असतं. मला वहिनीचं जास्त आवडलं, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. (कोणी दिलं नाही. मीही नाही.)

‘अध्याहृत’शी याची गल्लत नको. ‘कधी आलास?’मधला ‘तू’ अध्याहृत आहे, म्हणजे न उच्चारलेला. आणि ‘गृहीतक’ म्हणजे सिद्ध न करता मानलेलं विधान. भूमितीत युक्लिडची गृहीतके भेटतात ती हीच.

राहता राहिला मावशीचा हिशोब. माणसं २६ आली. भरीत पुरलं, कळण्याच्या पुऱ्या कमी पडल्या, आणि मावशीला कोणी काही बोललं नाही.